धडधाकट दात तासायचेच कशाला?

ओसरीवरून
मामेबहिणीचं लग्न मार्चमध्ये आहे. तिच्या वरच्या दोन पटाशीच्या दातांत फट आहे आणि त्यांच्या शेजारचे दोन दात जरा लहान आहेत. एका क्लिनिकमध्ये तिला वरचे आठ दात तासून व्हेनिअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे, लावायला सांगितलं. फट दोघांत, वर्गणी आठ जणांकडून!

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या दाताला कीड नाही, जो तुटलेला नाही, त्याला नुसत्या फोटोसाठी मशीन लावू नये. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, एकदा गेलं की परत येत नाही. पुढच्या दातावर चावण्याच्या कडेजवळ ते साधारण एक मिलिमीटर असतं, हिरडीजवळ त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. नेहमीच्या व्हेनिअरसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास तासतात, म्हणजे हिरडीपाशी इनॅमलखालचा मऊ थर, डेंटिन, उघडा पडायची पाळी. व्हेनिअर चिकटवायच्या सिमेंटची पकड इनॅमलवर बसते तशी डेंटिनवर बसत नाही, हे दंतवैद्यच सांगतात. मग जिथे चिकटवायचं तीच जागा आधी खरवडून काढायची, हे कुठलं शहाणपण?

न तासता लावायचे ०.३ मिलिमीटरच्या आसपासचे पोर्सिलेनचे पापुद्रे मिळतात. ल्युमिनिअर्स हे त्यातलं गाजलेलं नाव. पहिला विचार त्यांचा व्हावा, आणि तासायचंच असेल तर डॉक्टरांनी कारण लेखी द्यावं. बोला मंडळी.

खवचट_अण्णा
आमच्या आजीने जन्मभर मशेरी लावली. दात काळे, पण शेवटपर्यंत शेंगदाणे खाल्ले. चालू द्या तुमचं.

दंतकथा
अण्णा, मशेरीत तंबाखू असते. आजीचं नशीब म्हणा, औषध म्हणू नका.

धागाकर्ते, मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कॅप, कवळी, व्हेनिअर बसवणारा दंतवैद्य, नाशिकला. तुमचा राग समजतो, निष्कर्ष पटत नाही. न तासता व्हेनिअर लावला की दाताची जाडी वाढते, आणि ती कुठेतरी दिसणारच. ज्यांचे दात आधीच पुढे आहेत त्यांचा ओठ आणखी पुढे येतो. हिरडीपाशी कड नीट विरली नाही तर बारीकशी पायरी राहते. तिथे ब्रश फिरत नाही, थर साचतो, हिरडी सुजते आणि रक्त येतं. तो दात ‘वाचवला’ असं तुम्ही म्हणणार का?

दुसरं असं की तासणं म्हणजे सरसकट अर्धा मिलिमीटर नव्हे. आम्ही आधी मेणात नवा आकार करतो, त्याचा साचा घेऊन तोंडात तात्पुरता मॉक-अप चढवतो. पेशंट आरशात बघतो, बोलून बघतो. मग त्या मॉक-अपवरूनच खोली मोजत तासायचं. जिथे जागा मुळातच आहे तिथे दाताला हातही लागत नाही.

२००२ साली एडेलहॉफ आणि सोरेन्सन या संशोधकांनी पुढच्या दातांवर मोजणी केली होती. व्हेनिअरसारख्या कामात दाताच्या हिरडीबाहेरच्या भागाचं साधारण ३ ते ३० टक्के वजन जातं, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२. व्हेनिअर-व्हेनिअरमध्येच इतकी तफावत असते, आणि ती करणाऱ्याच्या हातावर असते.

बहिणीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. फट आणि लहान दात ही न तासता करायची अगदी आदर्श केस. आठ कशाला, ते मलाही कळलं नाही.

लेस्टरची_माई
मी धागाकर्त्याच्या बाजूने. आमच्याकडे ब्रिटनमध्ये ‘टर्की टीथ’ म्हणून प्रकार आहे. पोरं स्वस्तात दात करायला तुर्कस्तानात जातात, व्हेनिअर म्हणून पैसे भरतात आणि परत येतात तेव्हा आत दातांचे खुंट उरलेले असतात, वर कॅप. ब्रिटिश डेंटल असोसिएशनने जाहीर इशारे दिलेत. पुढे रूट कॅनल करायची वेळ आली की इथे दारोदार फिरतात. डॉक्टरसाहेब मॉक-अप करत असतील, सगळे करतात का? ‘तासायचं नाही’ हा नियम पेशंटला निदान कळतो तरी. ‘गरजेपुरतं तासायचं’ म्हटलं की गरज कोण ठरवणार?

सिरॅमिकवाला
माई, नियम कळायला सोपा आहे, पण तो पाळताना काय होतं ते लॅबमध्ये दिसतं. मी पुण्यात सिरॅमिकचं काम करतो. ‘नो-प्रेप’ (न तासता) लिहून आलेल्या मापात बरेचदा कड कुठे थांबवायची तेच दिसत नाही. तासलेल्या दातावर रेघ असते. इथे दात सरळ हिरडीत शिरलेला. मग कड मी अंदाजाने संपवतो.

दाताच्या बाजूला फुगवटा असेल तर आणखी पंचाईत. पापुद्रा समोरून बसत नाही आणि खालूनही सरकत नाही. मी डॉक्टरांना फोन करून सांगतो, फक्त तो एक कोपरा गोल करा, केसाइतका. काही करतात. काही म्हणतात, पेशंटला शब्द दिलाय, तुम्हीच जमवा. मग मी पोर्सिलेन जाड करतो आणि दात गुबगुबीत दिसतो.

पापुद्रा करायचा म्हणजे पोर्सिलेनची पावडर कालवून ब्रशने थर चढवायचा, भट्टीत घालायचा, पुन्हा थर. इतका पातळ तुकडा चिकटेपर्यंत फार नाजूक असतो. नुसता बसतो का ते बघतानाच तडकल्याचे फोन येतात. एकदा इनॅमलला नीट चिकटला की मात्र तोच पापुद्रा चिवट होतो.

यवतमाळकर
मूळ धाग्यातल्या ‘नुसत्या फोटोसाठी’ वर मला आक्षेप आहे. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते नको म्हणतात. लहानपणी ते पाणी पिऊन वाढलेल्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि खड्डे पडलेत. आमच्या वर्गात निम्मी मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. कीड नाही, तुटलेले नाहीत, म्हणजे तुमच्या व्याख्येत हे दात धडधाकटच. मुलाखतीला जाऊन बघा त्या दातांनिशी.

माझ्या भावाने न तासता बसवून घेतले. पट्टे आतून दिसायला लागले. मग पट्टे झाकायला गच्च पांढऱ्या रंगाचे करून घेतले, तर ते बाथरूमच्या टाइल्ससारखे दिसतात.

ओसरीवरून
यवतमाळकर, डागांची केस वेगळी आहे हे मान्य. माझा रोख लग्नसराईच्या पॅकेजवर होता. पण एक मुद्दा कुणी बोललंच नाही. न तासलेला व्हेनिअर नको झाला तर काढता येतो, मूळ दात शाबूत. तासलेल्याला परतीची वाट नाही. एवढ्या एका कारणासाठी तरी तोच पहिला पर्याय हवा.

दंतकथा
ही जाहिरातीतली ओळ आहे. चिकटवण्याआधी इनॅमलवर ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक ॲसिड लावतो. त्याने पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, चिकटवायचं रेझिन त्या खाचांत शिरून घट्ट होतं. १९५५ साली ब्युनोकोर या दंतवैद्यांनी ॲसिडची ही युक्ती दाखवली, म्हणूनच हे पापुद्रे टिकतात. १९२८ च्या सुमारास पिंकस हे दंतवैद्य हॉलिवूडच्या नटांना लावून द्यायचे ते खरोखर काढता यायचे, कारण ते शूटिंगपुरते कवळीच्या पावडरीवर टेकलेले असायचे! आताचा व्हेनिअर काढायचा म्हणजे बहुधा मशीनने घासून. एर्बियम लेझरने सुटतो, पण ते यंत्र किती क्लिनिकमध्ये असतं? आणि घासताना सिमेंट कुठे संपलं, इनॅमल कुठे सुरू झालं हे दिसत नाही; दोन्ही दाताच्याच रंगाचे. थोडं इनॅमल जातंच. तासण्यापेक्षा कमी, हे कबूल. पण ‘शाबूत’ म्हणू नका.

यवतमाळकर, भावाला आधी मायक्रोअब्रेजन (वरचा अगदी बारीक थर घासून काढणं) आणि ब्लीचिंग करून बघायला हवं होतं. वरवरचे डाग पुष्कळ फिके पडतात. खोल पट्टे राहिले तर तिथे जागा करावीच लागते, नाहीतर रंग झाकायला जाडी कुठून आणणार?

लेस्टरची_माई
थोडं इनॅमल जाणं आणि दाताचा खुंट होणं यात फरक आहे हो डॉक्टर. दोन्ही एका तागडीत घालू नका.

दंतकथा
घालत नाहीये. कॅपचं समर्थन मी कुठेच केलेलं नाही.

सिरॅमिकवाला
बहिणीला पोर्सिलेनच हवंय का पण? फट आणि दोन लहान दात एवढंच असेल तर कंपोझिट बाँडिंग बघा, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंगचं मटेरियल डॉक्टर थेट दातावर चढवून आकार देतात. लॅबची गरज नाही (स्वतःच्या धंद्यावर कुऱ्हाड). चहा-कॉफीने रंग धरतं, कोपरा उडतो, पण उडाला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं.

ओसरीवरून
हे पटलं. ती दात उजळून पण घेणार म्हणत होती.

दंतकथा
मग आधी ब्लीचिंग, त्यानंतर दोनेक आठवडे थांबायचं. लगेच केलं तर दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे पकड कमी बसते, शिवाय रंग स्थिर झाल्यावरच कंपोझिटची शेड निवडता येते. रात्री दात खाते का तेही विचारून घ्या. खात असेल तर कंपोझिट काय, पोर्सिलेन काय, नाइट गार्डशिवाय टिकणार नाही.

तुमची लेखी कारणाची मागणी मला मंजूर. मी मॉक-अपचा फोटो जोडून देईन. पण न तासता लावणाऱ्याकडेही कारण मागा.

ओसरीवरून
मागणार. तरी आधी तासणाऱ्याकडे.

खवचट_अण्णा
आठ दातांचं कोटेशन काय होतं ते कुणीच सांगितलं नाही.

ओसरीवरून
अण्णा, व्यनि (खासगी निरोप) केलाय. बसून वाचा.