प्रतिसाद: आधी वायर लावून बघा, मग चॅनेल

घरचं वाय-फाय सारखं तुटत असेल तर राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनेल (सिग्नलची ठरावीक वाट) १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा, हा इथे वर दिलेला सल्ला बरोबरच आहे, कारण हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत. आपल्याकडे इमारती एकमेकींना इतक्या खेटून असतात की शेजारच्या विंगमधले राउटरसुद्धा वाय-फायच्या यादीत दिसतात आणि त्यांचे सिग्नल आपल्या सिग्नलला अडवतात. पण चॅनेल बदलूनही रोज नेट तुटत असेल तर नवा राउटर घेण्याची घाई कृपया करू नका. आधी लॅपटॉपला लॅन केबल लावा. वायरवरही तुटत असेल तर दोष वाय-फायचा नाहीच.

आमच्या मुलुंडच्या घरी नेमकं हेच झालं. दोन आठवडे मी राउटर या खोलीतून त्या खोलीत हलवत होतो. शेवटी फायबरच्या डब्याचं (बाहेरून येणारी फायबरची वायर ज्यात लागते त्याचं) सेटिंगचं पान उघडलं, तर 'आरएक्स पॉवर', म्हणजे वायरमधून डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे २८ च्याही खाली! घरगुती फायबर जोडणीत हा आकडा साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम (ताकद मोजायचं एकक) यांच्या मधे असावा लागतो; त्याहून खाली गेला की प्रकाश फार क्षीण. फायबरची पिवळी वायर खिडकीच्या सरकत्या काचेत चेपली होती, खिडकी लावली की आणखी दाबली जायची. पावसाळ्यात खिडकी बंदच, म्हणून त्रास तेव्हाच सुरू झाला. लाइनमनने तेवढा तुकडा बदलून वायर भिंतीतल्या भोकातून आत घेतली, आकडा उणे २१ वर आला, तेव्हापासून एकदाही तक्रार नाही. आणि हो, ती वायर काढलीत तर तिच्या टोकात डोळा घालून बघू नका, आतला लेझर दिसत नाही पण असतो.