वादळानंतरचं असोसिएशनचं बातमीपत्र कसं लिहू? मदत हवीये

मंडळी, आमच्या वस्तीच्या असोसिएशनची मी सेक्रेटरी आहे. म्हणजे मीटिंगचा वृत्तांत लिहायचा, नोटिसा काढायच्या आणि दर तिमाहीला दोन पानी बातमीपत्र घरोघर टाकायचं, एवढंच काम, आजवर त्यात पार्किंग आणि कचऱ्याच्या डब्यांपलीकडे फारसं काही नसायचं. आता वादळ होऊन १६ दिवस झालेत आणि मला पहिली ओळसुद्धा सुचत नाहीये.

झालं असं की आधी दिवसभर पाऊस, तो पडल्या पडल्या गोठत होता, फांद्यांवर आणि तारांवर काचेसारखा थर चढला, संध्याकाळी त्या वजनाने फांद्या मोडून तारांवर आल्या आणि वीज गेली. रात्री वरून बर्फ आणि कडाक्याची थंडी. तीन रात्री अंधारात काढल्या. बऱ्याच घरांत पाईप फुटले, पण ते कळलं चौथ्या दिवशी, हिटर चालू होऊन घरं जरा ऊबदार झाली आणि छतातून पाणी गळायला लागलं तेव्हा.

हे सगळं लिहिता येईल. अडलंय ते दुसऱ्याच गोष्टीपाशी.

कोपऱ्यावरच्या घरात एक आजी एकट्या राहतात. त्यांचा फोन कॉर्डलेस, त्याचा बेस विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली तसा तोही बंद. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस नुसता पूर आला होता, कोणाकडे जनरेटर आहे, कोणाकडे जास्तीची ब्लँकेटं आहेत, लोक खरंच एकमेकांसाठी धावत होते, पण आजी ग्रुपवर नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शाळकरी मुलीच्या लक्षात आलं की आजींच्या दारासमोरच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नाही, ना येतानाचं ना जातानाचं. तिने आईला सांगितलं म्हणून दार उघडलं गेलं. आजी हॉस्पिटलमधून आता मुलाकडे गेल्यात, बऱ्या आहेत. पण माझं घर त्यांच्यापासून चौथं, मी त्या तीन दिवसांत दोनदा त्या दारावरून गेले होते, ते माझ्या मनातून जात नाहीये.

अध्यक्ष म्हणतात बातमीपत्रात सगळ्यांचे आभार मान, झाडं तोडायच्या खर्चासाठी जादा वर्गणीची नोटीस दे आणि विषय संपव. ते वाईट माणूस नाहीत, त्यांच्याही घरात पाणी शिरलंय. पण मला वाटतं ही गोष्ट त्यात आलीच पाहिजे. तर सांगा, आजींबद्दल लिहावं का, आणि कसं? एकट्या राहणाऱ्यांची यादी करायचं मी मीटिंगमध्ये काढलं तर दोघं-तिघं भडकले, आमची माहिती कोणाच्या हातात जाणार म्हणून, त्यांचंही चूक नाही. आणि कॉमन भिंतीतल्या पाईपचा खर्च कोणाचा, यावरून आधीच वातावरण तापलंय, तेही याच अंकात घ्यावं का?

प्रतिसाद

ताई, पाईपचं मी सांगतो, अशाच एका कमिटीत सहा वर्षं काढलीत. खर्च कोणाचा हे बातमीपत्रात अजिबात ठरवू नका. तुमच्या नियमावलीत घरमालकाची हद्द कुठे संपते आणि कॉमन भाग कुठे सुरू होतो ते लिहिलेलं असणार, काही ठिकाणी भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत, काही ठिकाणी त्या घरापुरत्या जाणाऱ्या पाईपसकट, आणि असोसिएशनची एकत्रित विमा पॉलिसी व घराघराची वेगळी पॉलिसी साधारण त्याच रेषेवर भेटतात. आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. एक चुकीचं वाक्य छापून गेलं की लोक तेच घेऊन भांडतात.

आत्ता घाई आहे ती ओल्या भिंतींची. २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, तुमच्याकडे तर दोन आठवडे उलटलेत, म्हणून ज्यांच्याकडे पाणी आलं होतं त्यांनी वरून कोरडं दिसलं तरी भिंतीच्या आत बघून घ्यावं. खराब सामान टाकायच्या आधी फोटो. आणि दारोदार फिरून आगाऊ रोख मागणारे कंत्राटदार येतात अशा वेळी, लेखी अंदाजपत्रक हातात आल्याशिवाय पैसे नाहीत, हे जाड अक्षरात घाला.

पाईप का फुटतो तेही दोन ओळीत सांगा, लोकांना कारण कळलं की लक्षात राहतं. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. बर्फाची गाठ आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकतं त्याचा दाब वाढत जातो आणि पाईप तिथे तडकतो. म्हणून नळ बारीक धारेने चालू ठेवायचा, दाबाला वाट मिळते. तडा जातो थंडीत, पण गळती दिसते बर्फ वितळल्यावर, तुमच्याकडे चौथ्या दिवशी झालं ते हेच. आपल्या घराचं पाणी बंद करायचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे किती जणांना माहीत होतं, विचारून बघा.

प्रतिसाद

मला आजींबद्दल बोलायचंय. मी नर्स आहे. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की माणूस गोंधळायला लागतो, जीभ जड होते, झोप येते, आणि आपल्याला काही होतंय हेच त्याला कळेनासं होतं. वयस्कर माणसाला हे घरात बसल्या बसल्याही होऊ शकतं. त्यामुळे 'गरज लागली तर फोन करा' अशी कितीही नोटीस लावलीत तरी जिला सर्वात जास्त गरज आहे ती फोन करणार नाही. तुमची व्यवस्था फोनची नको, दार ठोठावायची हवी.

शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली होती, ७३९ जण गेले. थंडी नाही, उलटंच, पण तिथेही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात जास्त धोका होता, आणि जिथे रस्त्यावर वर्दळ होती, लोक एकमेकांना ओळखत होते, तिथे गरिबी असूनही कमी माणसं दगावली. हे समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायननबर्ग यांनी नंतर तपशिलात मांडलंय.

यादीचं म्हणाल तर 'एकटं कोण राहतं' हा प्रश्नच विचारू नका, तो लागतो माणसाला. प्रत्येक घराला, अगदी सहा माणसांच्या घरालासुद्धा, एकच विचारा: वीज गेली तर तुमचं दार कोणी ठोठवावं असं तुम्हाला वाटतं? नाव त्यांनी निवडायचं. मग मोठी यादी कोणाच्याच हातात राहत नाही, प्रत्येकाकडे फक्त आपल्या एक-दोन घरांची जबाबदारी. ऑक्सिजन मशीनसारखं विजेवर चालणारं उपकरण असेल तर ते त्या शेजाऱ्याला आणि वीज कंपनीला कळवायचं, बाकी कुणाला नाही.

प्रतिसाद

एक भर. जनरेटर ग्रुपवर फिरत होता असं लिहिलंयत म्हणून काळजी वाटली. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या वादळात सरकारी आकड्याप्रमाणे २४६ माणसं गेली, बहुतेक थंडीने, पण काही कार्बन मोनॉक्साईडनेही, म्हणजे जनरेटर चालताना किंवा कोळसा जळताना निघणाऱ्या विषारी वायूने. त्या वायूला वास नसतो. जनरेटर दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब, गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत नाहीच, आणि कोळशाची शेगडी घरात ऊब म्हणून कधीही पेटवायची नाही. हे आभारांच्या आधी छापा ताई.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार, उत्तर द्यायला दोन दिवस गेले कारण काल आजींना त्यांच्या मुलाच्या फोनवर फोन केला होता. लिहू का असं विचारलं. त्या म्हणाल्या, नाव नको, बाकी लिही. मग मी धीर करून विचारलं की पहिल्या रात्री भिंतीवर थाप तरी का नाही मारली, शेजारी ऐकलं असतं. तर म्हणाल्या, "त्यांच्याकडे लहान मुलं आहेत गं, म्हटलं सकाळ होऊ दे, कशाला उठवायचं." आणि सकाळी त्यांना उठताच आलं नाही.

हेच वाक्य अंकात सगळ्यात वर घेतेय, अध्यक्षांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते आणि मग वर्गणीची नोटीस वेगळ्या कागदावर काढू म्हणाले. पाईपच्या खर्चाचं पुढच्या मीटिंगमध्ये, कागद वाचून झाल्यावर.

दार ठोठवायचा फॉर्म मी एका पोस्टकार्डाएवढाच करायचा म्हणतेय, पलीकडच्या बाजूला मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते ज्याचं त्याने लिहायचं. कोणी असं काही केलं असेल तर नमुना टाका ना प्लीज, आणि ज्यांना कोणाचंच नाव सुचत नाही त्यांच्यासाठी काय करता तेही सांगा. आज तीन घरांत विचारून आले, त्यातल्या एका काकांनी ती जागा कोरीच ठेवली.