मदत हवी आहे: भाषण पाठ करावं की मुद्द्यांवरून बोलावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागप्रमुख बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहेत. निरोप समारंभात सहकाऱ्यांच्या वतीने मी बोलावं असं ठरलं आहे. वेळ १२ मिनिटं. मी जे काही काम शिकले ते त्यांच्या हाताखाली, त्यामुळे हे भाषण चांगलं व्हावं अशी फार इच्छा आहे.

लिहून झालंय, २,४०० शब्द भरले. अडचण पुढची आहे. कागद बघून वाचलं की अहवाल वाचल्यासारखं वाटतं. पाठ करून म्हणताना एक वाक्य निसटलं की पुढचं काहीच आठवत नाही. नुसते मुद्दे घेतले तर विषय भलतीकडे जातो आणि जे सांगायचं तेच राहतं. शिवाय एक प्रसंग सांगताना दर वेळी गळा दाटून येतो, आणि त्या दिवशी तर बाई समोरच बसलेल्या असतील. तयारी कशी करू?

प्रतिसाद १

ताई, आधी लांबीचं बघा. सभेत मिनिटाला साधारण १०० ते १२५ शब्द हा ऐकणाऱ्याला झेपेल असा वेग. म्हणजे तुमच्या हातात १,२०० ते १,५०० शब्द. मध्ये हशा, टाळ्या, थांबणं आलं, म्हणून १,२०० च धरा. निम्मं कापायचंय. 'मनमिळाऊ', 'कर्तव्यदक्ष', 'शिस्तप्रिय' ही विशेषणं पहिल्यांदा काढा, कारण ती कोणाच्याही निरोपाला चालतात. प्रसंग मात्र फक्त त्यांचेच असतात. तीन निवडा आणि नीट सांगा.

आता पाठांतर. विन्स्टन चर्चिल तरुणपणी भाषणं शब्दन्‌शब्द पाठ करत. १९०४ साली ब्रिटिश संसदेत बोलता बोलता त्यांचा धागा तुटला, पुढचं आठवेना, आणि भाषण अर्धवट सोडून खाली बसावं लागलं. त्यानंतर ते तपशीलवार टिपणं हातात ठेवूनच बोलत. ही टिपणं कवितेसारख्या तुटक, छोट्या ओळींत मांडलेली असत, म्हणजे नजर टाकली की ओळ सापडते. तुम्हीही तसंच करा. परिच्छेद मोडून मोठ्या अक्षरांत ओळी पाडा, एका कार्डावर एकच प्रसंग, आणि कार्डांना क्रमांक घाला.

शब्दशः पाठ फक्त सुरुवातीची तीन-चार वाक्यं आणि शेवटची दोन. त्याखेरीज सांधे पाठ हवेत. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना कोणतं वाक्य म्हणणार, ते पक्कं ठरवा. माणूस अडतो तो बहुतेक वेळा तिथेच. प्रसंग स्वतःच्या अनुभवातला असला की आपसूक सांगता येतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. सराव मनातल्या मनात करू नका. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करा. जे वाक्य जिभेला अडखळतं ते सरळ बदला, लिहिताना कितीही आवडलेलं असो. आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करू नका, नाहीतर सुरुवात घोटून तयार होते आणि शेवट कच्चा राहतो. मधलं कुठलंही कार्ड उचलायचं आणि तिथून पुढे बोलायचं. रोज थोडं करा. आदल्या रात्री एकदम बसून केलेलं टिकत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! सांधे पाठ करायचं कधी सुचलंच नव्हतं. आजपासून कापायला घेते. गळा दाटून येतो त्याचं काय?

प्रतिसाद १

तो प्रसंग गाळू नका. सगळ्यात जास्त वेळा मोठ्याने तोच सांगा, एखाद्या जवळच्या माणसासमोरही. पुन्हा पुन्हा सांगून त्यातला आवेग थोडा उतरतो. त्यातली वाक्यं अगदी लहान ठेवा, लांब वाक्याच्या मध्येच श्वास संपतो आणि आवाज फुटतो. तो शेवटी न ठेवता मधे घ्या, पाठोपाठ हलकाफुलका प्रसंग येऊ द्या. तरीही दाटून आलंच तर थांबा, सावकाश श्वास सोडा, पाण्याचा घोट घ्या. माफी मागू नका; श्रोते तुमच्याच बाजूचे असतात.

आणि एक. प्रसंग बाईंच्या खाजगी अडचणीचा असेल तर चारचौघांत सांगितलेला त्यांना चालेल का, हे त्यांच्या घरच्यांना आधी विचारून घ्या. वर्षं आणि नावंही त्याच वेळी तपासून होतील.

धागाकर्ती

हो, त्यांच्या आजारपणातलाच आहे. उद्याच त्यांच्या मुलीशी बोलते.