पडल्यावर खांदा उचलत नाही, एक्स-रे मात्र नॉर्मल. मदत हवी आहे

आई (वय ६३) पाच आठवड्यांपूर्वी जिन्यावरून घसरली आणि उजव्या हातावर पडली. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नाही, सांधाही निखळलेला नाही. दहा दिवस हात झोळीत ठेवला, गोळ्या झाल्या, आता पुढे वाकून हात लोंबकळत फिरवायचा व्यायाम चालू आहे. दुखणं निम्म्यावर आलंय, ताकद मात्र आलेली नाही.

मला खटकतंय ते हे: मी तिचा हात धरून वर नेला तर तो जवळजवळ कानापर्यंत जातो. तिचा तिने उचलला तर छातीच्या उंचीपर्यंतच, तोही खांदा कानाकडे ओढत. वर नेऊन सोडला की हात धपकन खाली पडतो. वेणी घालायला डावा हात लागतो. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. फ्रोझन शोल्डर (सांधा आखडून घट्ट होणं) असता तर माझ्याकडूनही हात वर गेला नसता ना? म्हणून रोटेटर कफचा (हात उचलणाऱ्या, खांद्याभोवतीच्या स्नायूंचा) स्नायूबंध फाटल्याची शंका येते, आणि तो एक्स-रेत दिसत नाही.

मुंग्या, बधिरपणा नाही. मधुमेह नाही. पेसमेकर जुना आहे, एमआरआय चालणार नाही असं सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, अजून सहा आठवडे व्यायाम करून बघू. पण पडून फाटलेला बंध शिवायचा असेल तर उशीर महागात पडतो, याची धास्ती वाटते.

अशा वेळी खांद्याच्या सोनोग्राफीवर कोणाचं निदान झालंय का? शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायला ती पुरली, की सीटी आर्थ्रोग्राम (सांध्यात डाय टोचून केलेला सीटी स्कॅन) करावा लागला?