शमामा लावून कार्यालयात जावे की नाही?

मूळ लेख
थंडी पडली की मी कपाटातून कनौजच्या शमाम्याची, म्हणजे मसाल्यांच्या अत्तराची, कुपी काढते. वाळा आणि मोगरा उन्हाळ्यात, हिना आणि शमामा थंडीत, ही जुनी वाटणी मला आजही पटते. मनगटावर बोट टेकवल्यावर पहिली दहा मिनिटे लवंग-वेलदोड्याचा तिखटपणा नाकात शिरतो, तो ओसरला की नागरमोथ्याचा ओल्या मुळांसारखा वास वर येतो आणि संध्याकाळी शाल घडी करताना तिच्या काठाला नुसते चंदन उरलेले असते. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, जायपत्री असे जिन्नस तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळतात; वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तेथे आधीच ठेवलेल्या चंदनतेलात मुरते. म्हणजे थोडा गोडा मसाला आणि थोडे दिवाळीचे उटणे, त्यामुळे हा वास मला कधीच परका वाटला नाही. गेल्या आठवड्यात मात्र एका सहकाऱ्याने, असले उग्र काही लावून कार्यालयात येऊ नये, असे सर्वांसमक्ष सुनावले. स्वच्छ कपड्यांइतकेच अत्तरही नीटनेटकेपणात मोडते आणि त्यावर कोणी हरकत घेऊ नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
सहमत नाही. मला अर्धशिशीचा त्रास आहे. वातानुकूलित खोलीत खिडक्या बंद असतात, तीच हवा फिरत राहते आणि शेजारच्या खुर्चीवरचा जड, मसालेदार वास दुपारपर्यंत माझ्या कपाळात ठणकू लागतो. जेवणाच्या डब्यातला वास नकोसा झाला तर मी उठून जाऊ शकते. आठ तासांच्या कामातून कोठे उठून जाणार? शिवाय लावणाऱ्याचे नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावते, म्हणून आपण किती लावले आहे याचा निवाडा त्याने स्वतः करू नये.

प्रतिसाद २
त्रास खरा आहे, पण दोष चुकीच्या कुपीला दिला जात आहे. अत्तर तेलात असते, त्यात अल्कोहोल नसते, म्हणून ते अंगालगत राहते. अल्कोहोलचा फवारा मात्र उडताना खोलीभर पसरतो. दुसरे असे की चंदनतेल फार महागल्यामुळे स्वस्त अत्तरांत त्याऐवजी लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल वापरतात आणि वासासाठी कृत्रिम द्रव्ये घालतात. उग्रपणा बहुधा तेथून येतो. खऱ्या शमाम्याचा एक थेंब दोन हातांपलीकडे जाणवत नाही, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)
खरे-खोटे हा येथे प्रश्नच नाही. लवंगेतले युजेनॉल हे वासाचे द्रव्य पूर्णपणे नैसर्गिक आहे, तरीही काहींच्या त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी होते आणि युरोपीय संघात ते ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक असल्यास वेष्टनावर नोंदवावे लागते. दोन हातांचे म्हणाल, तर आमच्या खुर्च्यांमध्ये तेवढेही अंतर नाही.

मूळ लेखिका
नाक सरावते हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मी दुपारी पुन्हा एक बोट लावत असे, ते आजपासून बंद. कामाच्या दिवशी मनगटाऐवजी कानाच्या पाळीत लहानसा फाया ठेवीन. त्या सहकाऱ्याला मात्र मी उद्या शांतपणे विचारणार आहे, की त्याचे डोके दुखते की त्याला हा वास नुसता आवडत नाही. दुखत असेल तर फायाही घरीच राहील. नुसती नावड असेल, तर पौष संपेपर्यंत मी शमामा सोडणार नाही.