अलाइनमेंट खोडू नका, परिणाम दाखवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं वठवायच्या खेळात अलाइनमेंट म्हणजे पात्राच्या शीटवर लिहिलेली त्याची नैतिक वृत्ती. "अलाइनमेंट म्हणजे खेळाडूच्या पायातली बेडी, काढूनच टाका" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. 1974 च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये लॉ (नियम), न्यूट्रल (तटस्थ), केऑस (अराजक) एवढंच होतं; चांगलं-वाईट नंतर आलं आणि 1978 च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकात नऊ प्रकार झाले. त्यात पॅलाडिनने (धर्मनिष्ठ योद्धा पात्राने) जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याचं पॅलाडिनपण कायमचं जायचं. ती शिक्षा मात्र मलाही जाचक वाटते.

आम्ही नागपुरात, धरमपेठेत, रविवारी दुपारी कूलरसमोर खेळतो. मी डीएम (डंजन मास्टर), म्हणजे खेळातलं जग माझ्या हाती. शरण आलेल्या गॉब्लिनला (खेळातला छोटा राक्षस) "सोडतो" असा शब्द देऊन, गुहेची वाट कळताच आमच्या पॅलाडिननं त्याला मारलं. मी त्याच्या शीटवरचं लॉफुल गुड (नियम पाळणारा, चांगला) खोडलं नाही. झुडपातून एक गॉब्लिनचं पोर पळालं, एवढंच सांगितलं. पुढचे तीन रविवार एकही गॉब्लिन शरण आला नाही, सगळे मरेस्तोवर लढले. आमचा क्लेरिक (पुजारी पात्र) त्यातच मेला.

चौथ्या रविवारी पॅलाडिननं स्वतःहून तलवार जमिनीवर ठेवली अन् समोरच्या गॉब्लिनला म्हणाला, "पहिले मी ठेवतो, मग तू ठेव." मिनिटभर टेबलावर कोणी फासा उचलला नाही.