मदत हवी आहे: मखमली अंगरखा, घामाचा वास आणि वाजणारा वेल्क्रो

नमस्कार मंडळी. तीन महिने झाले, एका ऐतिहासिक नाटकाचा कपडेपट सांभाळतोय. आधी दुकानात शिवणकाम करायचो. हात बसलेला आहे, पण दुकानातलं गिऱ्हाईक कपडे घालून तलवारबाजी करत नाही.

मुख्य नटाचा अंगरखा मखमलीचा, आत जाड अस्तर, बाह्यांना जरीची पट्टी. शनिवारी दोन प्रयोग: दुपारी ४ ला दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहात, रात्री ८.३० ला पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात. मधल्या वेळात अंगरखा ट्रंकेत, ट्रंक बसच्या डिकीत. रात्री ट्रंक उघडली की... असो. ड्रायक्लीनला सोमवारशिवाय देता येत नाही. सेंट मारून पाहिला, तर घाम आणि मोगरा एक झाले. नायिकेने प्रवेशात तोंड फिरवलं, दिग्दर्शकांना तो अभिनय वाटला.

दुसरी अडचण. हाच नट ४० सेकंदांत फकीर होऊन परत येतो. अंगरख्याला आठ बंद. विंगेतल्या अंधारात गाठी सुटेनात, म्हणून बंद वरून शिवून टाकले आणि आत वेल्क्रो लावला. वेळ जमली, पण तेव्हाच रंगमंचावर आईसाहेबांचं स्वगत चालू असतं आणि मध्येच खर्रर्र! जुने कपडेपटवाले काका म्हणतात, "कफनी आतूनच घाल." पण मग तो आणखी घामेजेल ना?

प्रतिसाद:
काकांचं ऐका. कफनी मलमलीची शिवा आणि दोन शिवा, प्रयोगाला एक. घाम तीच पिईल, अस्तरापर्यंत कमी पोचेल. रोज धुताही येईल. फकीर घामेजलेला दिसला तर बिघडलं कुठे?

वास घामाचा नसतो, त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो, म्हणून सेंटने जात नाही. साधी वोडका आणि तितकंच पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरा. परदेशी नाटकांच्या कपडेपटात हा नेहमीचा उपाय आहे. प्रयोग संपताच अंगरखा उलटा करून फक्त अस्तरावर, काखेत आणि मानेमागे फवारा, मग पंख्याखाली टांगा. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून रंग सुटतो का बघा. जरीवर उडवू नका. मखमलीवर इस्त्री तर कधीच फिरवू नका, लव बसते. आणि ओला कपडा ट्रंकेत कोंबणं बंद! बसमध्ये मागच्या सीटवर दांडी बांधून घ्या.

वेल्क्रो उसवा. पॅन्टला लावतात ते चपटे मोठे हुक तीन पुरतात, आवाज होत नाही. फक्त नटाला काढायची तालीम द्या, अंधारातच.

धागाकर्ता:
आभारी आहे! मलमल आजच आणतो. वोडकाचं बिल व्यवस्थापकांना कुठल्या खात्यात दाखवायचं, तेवढंही सांगून ठेवा.